मधलं नाव

कलिन्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागलो
त्या दिवशी आधी माझाच गाल खरवडून घेतला.
कापसाची काडी, तीस सेकंद, उजवीकडे, मग डावीकडे.
आपली शिंक, आपला केस
चुकून कुणाच्या पुराव्यात पडला
तर ओळखता यावा म्हणून.
‘स्वखुशीने’ या शब्दाखाली सही केली.
मला पेढे वाटायची घाई होती.

अकरा वर्षं फ्रीजरमध्ये आहे मी,
उणे वीस अंशांवर,
कर्मचारी क्रमांक चौदा.

श्रावणात चेंबूरहून एकतीस पाकिटं आली.
एका बाईच्या नखांखाली कुणीतरी पुरुष सापडला होता
आणि पोलिसांनी खाडीकडची
एकतीस पोरं उचलली होती.

जेवणाच्या सुट्टीत नेहमीचा वाद.
खांबेटे म्हणाले, ज्यानं काही केलं नाही
त्यानं भ्यायचं कशाला? बोटांचे ठसे घेतोच ना?
सिंथिया म्हणाली, ठसा माझ्या एकटीचा असतो,
थुंकीत माझी मावशीसुद्धा असते.
मी लोणच्याची फोड चोखत म्हणालो,
त्या बाईच्या आईला विचारा.
त्यावर कुणीच बोललं नाही.

एकोणिसाव्या पाकिटावर यंत्र थबकलं.
शेरा: संसर्ग. कर्मचारी क्रमांक चौदा.

हातमोजे बदलले. टेबल दोनदा पुसलं.
मास्कवर मास्क लावून, श्वाससुद्धा जपून घेत
पुन्हा चालवलं.
पुन्हा तेच.
बापाकडून मुलाकडे न बदलता जाते ती रांग,
सतराच्या सतरा घरं, माझीच.
बाकीचं मात्र अर्धंमुर्धं,
पंगतीत शेजारी बसलेल्या दोघांच्या ताटांसारखं:
वरण एक, भाजी वेगळी.

संसर्ग नव्हता.

पाकीट परत वाचलं.
हर्षल कुसुम वाघधरे. वय तेवीस. मानखुर्द.
मधलं नाव बाईचं.

बापू बेस्टमध्ये ड्रायव्हर.
गुरुवारी अणिक डेपोची नाइट असते, असं सांगायचे.
शुक्रवारी सकाळी यायचे
तेव्हा शर्टाला डिझेलचा नाही, शिकेकाईचा वास.
आई रात्रीचा नैवेद्य ताटाखाली झाकून ठेवायची.
बापू जाऊन नऊ वर्षं झाली.
त्यांनी कुठल्याच कागदावर सही केली नव्हती.

अहवालात विचारलेलं तेवढंच लिहायचं असतं.
नखांखालचा पुरुष आणि नमुना एकोणीस:
जुळत नाही.
नियमाप्रमाणे सिंथियाकडून तपासून घेतलं.
तिनं दोन्ही आलेख शेजारी ठेवले,
माझ्याकडे पाहिलं,
आणि बराच वेळ चष्मा पुसत बसली.

पोरगा सुटला म्हणे.
सुटलेल्यांच्या नमुन्यांचं काय करायचं
असं एक पत्र वर गेलंय. उत्तर यायचंय.
तोवर तो माझ्या खालच्या कप्प्यात.

त्याचा चेहरा मला माहीत नाही.
डावखुरा आहे का, झोपेत दात खातो का,
बापूंसारखा चहा बशीत ओततो का.
आकडे तेवढे पाठ आहेत.
एका रविवारी मानखुर्दच्या नाक्यावर
तासभर उभा राहून आलो.
येणाऱ्याजाणाऱ्या पोरांच्या हनुवट्या, कानाच्या पाळ्या.
एकानं विचारलं, काय बघतोस?
तेव्हा कळलं, मी पोलिसासारखा बघत होतो.

त्याला सांगावं, तर त्यानं विचारलेलं नाही.
आईला सांगावं, तर
ही चोरी नक्की कुणाच्या घरातली,
आणि मुद्देमाल कुणाच्या ताब्यात?

घरी आलो. दिवा लागलेला.
आई पाटावर बसून
बोटाला थुंकी लावून
पोथीचं पान उलटते आहे.
मी ते बोट पाहत राहतो.
“हातपाय धुऊन घे,” ती म्हणते,
“आज गुरुवार.”